डाव्या कानाचे मानकरी

'डावा कान मंडळा'ची सभा कशी सुरू व्हायची ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. सांगितल्यावरही वाटेलच, पण मग निदान तक्रार करायला जागा उरणार नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी मामांच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं. भिंतींवर काचा नसलेल्या फ्रेमा, एका टोकाला लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, मधे घडीच्या खुर्च्या. मामा मंडळाचे अध्यक्ष. ते उभं राहून विचारायचे, "शिट्टी वाजते?" की सगळे सभासद डाव्या कानावर तळहात ठेवून एका सुरात म्हणायचे, "वाजते!" मग सगळ्यांनी बसायचं आणि एकाने उठून आपला पहिला लाइव्ह कार्यक्रम सांगायचा.

पहिला कार्यक्रम सगळ्यांचा एकच. तरुणपणी, स्टेशनामागच्या रिकाम्या गोदामात झालेला, बुवांचा. बुवा म्हणजे कुणी भजनी बुवा नव्हेत. खांद्याखाली केस, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, मागे ड्रम बडवणारा एक आडदांड माणूस. केस लांब आणि येणं कधीच वेळेवर नाही, म्हणून लोकांनीच त्यांना बुवा केलं. त्या दिवशी गोदामात कपाटाएवढे दोन स्पीकर होते. उजवा सुरुवातीपासूनच बंद होता. सगळा भार डाव्याने उचलला, आणि शेवटच्या गाण्यात एक भयंकर किंकाळी फोडून तो धूर सोडत मेला. त्याच्या जवळ असलेल्यांच्या डाव्या कानात तेव्हापासून एक बारीक शिट्टी राहिली. तीच ही शिट्टी. इतरांनी डॉक्टर गाठला असता. या मंडळींनी मंडळ काढलं.

मामांची भाची कान तपासायचं शिकली होती आणि एका दवाखान्यात तेच काम करत होती. तिने पुष्कळदा सांगून पाहिलं होतं की मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत, आणि मग मेंदू त्या रिकाम्या जागी आपल्याच मनाने एक आवाज भरत बसतो. मंडळाने ते भक्तिभावाने ऐकून घेतलं होतं. "म्हणजे बुवा कायमचे आत राहिले," असा त्याचा अर्थ भूगोलाच्या बाईंनी लावला होता. या बाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि मंडळाच्या चिटणीस होत्या.

आता मामांची अडचण. मामांच्या कानात शिट्टी वाजत नव्हती. कधीच वाजली नव्हती. ते गोदामात होते, अगदी डाव्या स्पीकरच्या जवळ होते, यात खोटं काही नाही. पण त्या आठवड्यात त्यांचा कान ठणकत होता. थोरल्या बहिणीने, म्हणजे या भाचीच्या आईने, दोन्ही कानांत तेलात बुडवलेला कापूस ठासून मगच त्यांना घराबाहेर सोडलं होतं. "काढलास तर मला कळेल," असं ताई म्हणाली होती, आणि ताईला कळायचं. त्यामुळे ज्या कार्यक्रमाने एका पिढीचं आयुष्य बदललं तो मामांना शेजारच्या घरात कुणीतरी कपाट सरकवत असल्यासारखा ऐकू आला.

पण सांगायचे मात्र तेच सगळ्यांत सुंदर. धुराचा वास त्यांनी भूगोलाच्या बाईंकडून घेतला होता, गिटारची तुटलेली तार मंडळातल्याच दातांच्या डॉक्टरांकडून, आणि दुसऱ्या गाण्याआधी बुवांनी घेतलेला तो दीर्घ श्वास त्यांचा स्वतःचा, म्हणजे घरी आरशासमोर तयार केलेला. इतकी वर्षं सांगून सांगून तो इतका पक्का झाला होता की आता डॉक्टरही म्हणायचे, "तो श्वास मी ऐकलाय हो, या कानाने ऐकलाय." मामांना तेव्हा जरा घाम फुटायचा आणि जरा अभिमानही वाटायचा.

असं सगळं सुरळीत चालू असताना बुवांनी घात केला. त्यांनी निरोपाचा कार्यक्रम जाहीर केला.

आयोजकांचा मंडळाला फोन आला. पहिली रांग तुमच्यासाठी राखीव, शिवाय तुमच्यापैकी एका सच्च्या, जुन्या श्रोत्याने सुरुवातीला स्टेजवर यायचं, गोदामातल्या कार्यक्रमाची आठवण सांगायची, आणि मग बुवा त्याच्या खांद्यावर हात ठेवून पहिलं गाणं सुरू करणार. फोन मामांनीच घेतला होता. फोन ठेवल्यावर ते थेट शिंप्याकडे गेले आणि काळा शर्ट शिवायला टाकला. त्या खांद्यावर हात पडणार होता. कापड चांगलं हवं.

त्या रविवारी त्यांनी हे सभेत सांगितलं ते केवळ रीत म्हणून. "तर अध्यक्ष या नात्याने मी..." इथवर ते आले आणि छापखानेवाले उठले. छापखानेवाले म्हणजे अवाढव्य देहाचे, अवाढव्य आवाजाचे गृहस्थ. लग्नाच्या पत्रिकांपासून निवडणुकीच्या पोस्टरांपर्यंत सगळं छापण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"नातं राहू दे बाजूला," ते गरजले. "स्पीकरला पाठ टेकून कोण उभं होतं? मी!"

"पाठ टेकून?" भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "मग तुम्ही माझ्या पायांवर रेलला असणार. मी स्पीकरवर बसले होते."

"काय म्हणाल्या?" छापखानेवाल्यांनी कान पुढे केला.

"स्पीकरवर! बसले! होते!"

"बाई, तुम्ही बसला असाल," दातांचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पण त्या स्पीकरची वायर सैल होती आणि ती सबंध वेळ मी हातात धरून ठेवली होती. मी सोडली असती तर तुमच्यापैकी एकालाही काही ऐकू आलं नसतं."

मग जे काही झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. जो तो त्या बिचाऱ्या स्पीकरला आपल्याकडे ओढत होता. एक जण आपण वर होतो म्हणत होता, दोघे तर थेट आत. भाची मामांना घरी न्यायला आली होती आणि अर्ध्या शटरखालून वाकून हा तमाशा बघत होती. ती सरळ डोक्याची, तोंडाने फटकळ आणि वयाने लहान. तिला हसू आवरेना. ती म्हणाली, "भांडता कशाला? कान तपासून घ्या. ज्याचा डावा कान जास्त गेला तो स्पीकरच्या जास्त जवळ!"

सगळे तिच्याकडे वळले.

"शास्त्रीय आहे," डॉक्टर म्हणाले.

"अहो, मी गंमत..." भाची म्हणाली.

"निःपक्षपाती आहे," बाई म्हणाल्या.

"काय ठरलं?" छापखानेवाल्यांनी विचारलं. त्यांना ओरडून सांगितल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. जो सगळ्यांत बहिरा तो स्टेजवर, बाकीच्यांना बहिरेपणाच्या उतरत्या क्रमाने खुर्च्या. अध्यक्ष म्हणून ठराव मामांनाच वाचून दाखवावा लागला. आपल्याच फाशीचा हुकूम इतक्या स्वच्छ उच्चारात क्वचितच कुणी वाचला असेल.

घरी जेवताना ताईने पाणी वाढलं तेव्हा मामांचा बांध फुटला.

"हिची गंमत माझ्या मुळावर आली!"

"मामा, पण त्याने काही सिद्धच होत नाही," भाची म्हणाली. "कान वयाने जातो, कामाच्या आवाजाने जातो, औषधांनी जातो. चाळीस वर्षांपूर्वी कोण कुठे उभं होतं ते कानात लिहून ठेवलेलं नसतं. मी पुढच्या सभेत येऊन सांगते हवं तर."

"त्यांना सांगून उपयोग नाही. तू एक काम कर. माझा कान जरा... थोडा कमी दाखव."

"मामा, त्या कागदावर माझी सही असते."

"सगळा नको. डावाच."

"नाही म्हणजे नाही."

"लहानपणी तुला पहिला चष्मा कुणी दिला? फुकट?"

"नंबर होता म्हणून दिलास ना? नसताना दिला असतास का?"

आपला धंदा असा आड येईल असं मामांना वाटलं नव्हतं. ताई हात पुसत बाहेर आली.

"कान शाबूत राहिले म्हणून गळा काढणारा माणूस मी पहिल्यांदाच बघते," ती म्हणाली. "कापूस मी घातला होता. मोठा कापूस होता. येऊन सांगू का तुझ्या मंडळाला?"

"ताई, तुझ्या पाया पडतो."

"पड. आणि ते बटण लाव. नव्या शर्टाचं दुसरं काज सैल शिवलंय त्या शिंप्याने, सारखं निघतं."

मामांनी बटण लावलं. शर्ट घरात घालून बघायला म्हणून ते तो तीन दिवस घालत होते.

तपासणीच्या दिवशी मंडळ दवाखान्यात आलं ते लग्नाला आल्यासारखं. बाईंनी गजऱ्याऐवजी बुवांच्या चित्राचा जुना बिल्ला लावला होता. आतल्या खोलीत काचेची एक बंद पेटी होती, माणूस बसेल एवढी. त्यात बसायचं, कानांवर हेडफोन लावायचे, बारीक आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. पेटीबाहेर भाची यंत्रापाशी बसलेली. तिच्या आयुष्यात अशी गिऱ्हाइकं आली नव्हती. एरवी लोक कान चांगला निघावा म्हणून आवाज आलेला नसतानाही बटण दाबतात. इथे जो तो पेटीतून बाहेर येताना आशेने विचारत होता, "बराच गेलाय ना?"

बाईंचा मध्यम गेला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी वर्षं वाटलं होतं की निम्म्याच्या वर गेला असेल," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांची समजूत काढली. डॉक्टरांचा स्वतःचा त्यांच्याहून थोडा जास्त होता, त्यामुळे समजूत काढणं त्यांना जमलं.

छापखानेवाले पेटीत मावतच नव्हते. दार लोटून लावावं लागलं. आत ते डोळे मिटून तल्लीन बसले आणि बटणाला त्यांनी जवळजवळ हात लावला नाही. भाचीने आवाज वाढवला, आणखी वाढवला, शेवटी यंत्राची हद्द आली.

"दोन्ही कान सारखेच गेलेत," ती बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाली. "एका बाजूच्या स्पीकरने दोन्ही कान असे सारखे जात नाहीत. हा छापखान्याचा परिणाम आहे. काका, तुम्हाला आत्ताच्या आत्ता कानाचं मशीन लावायला हवं. आणि छापखान्यात कानांवर..."

"काय म्हणते?" छापखानेवाल्यांनी विचारलं.

"तुम्ही पहिले आलात!" डॉक्टर त्यांच्या कानात ओरडले.

"पण उजवा कान?" भाची हट्टाने म्हणाली. "उजवा का गेला?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. शिकलेला माणूस जेव्हा शिक्षणाविरुद्ध बोलणार असतो तेव्हा तो आधी चष्मा पुसतो. "उजवा सहानुभूतीने गेला," ते म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. भाचीने हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

मामा मुद्दाम शेवटी राहिले होते. त्यांचा बेत साधा होता. आवाज आला तरी बटण दाबायचं नाही. पेटीत बसून त्यांनी चेहरा दगडासारखा केला. एक अगदी बारीक 'टूं' आला. दाबलं नाही. दुसरा आला. नाही. मोठा आला. त्यांची पापणी हलली, पण अंगठा हलला नाही.

काचेपलीकडून भाचीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हेडफोनमधून तिचा आवाज आला, "मामा, बटण राहू दे. आता तोंडाने सांग. आवाज आला की 'हो' म्हण, नाही आला की 'नाही' म्हण."

"बरं," मामा म्हणाले. 'टूं' झालं. "नाही," मामा म्हणाले. जरा वेळ गेला, 'टूं' झालं. "नाही." पुन्हा 'टूं'. "नाही." प्रत्येक 'टूं'च्या पाठोपाठ, सावलीसारखं.

तिसऱ्या 'नाही'नंतर भाचीने आवाजाची चावी पार खाली नेली आणि पानाची सळसळ असावी इतक्या हळू म्हणाली, "मामा, तुझं दुसरं बटण उघडं आहे."

मामांचा हात छातीवर गेला. बटण उघडंच होतं. ते लावता लावता त्यांची नजर वर गेली. काचेपलीकडे भाची दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होती.

"मामा," ती पेटीचं दार उघडून म्हणाली, आणि आता तिच्या बोलण्यात खरंच कौतुक होतं, "या वयात असे कान मी अजून कुणाचे पाहिले नाहीत. दोन्ही. विशीतल्या मुलांना लाजवतील. अभिनंदन!"

मामांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

पुढच्या सभेत बाईंनी निकाल वाचला. मामांच्या नावापाशी आल्यावर त्या थांबल्या, कागद लांब धरला, जवळ धरला, मग म्हणाल्या, "निर्दोष."

एखाद्याच्या घरात चोरीचा माल सापडावा तसे सगळे मामांकडे बघू लागले.

"अध्यक्ष," डॉक्टरांनी हळूच विचारलं, "त्या दिवशी तुम्ही नक्की कुठे होतात?"

"गोदामात! स्पीकरजवळ!"

"आणि कान?"

"ते... मुळातच दणकट आहेत. आमच्या घराण्यातच..."

"दणकट कान," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे न आलेले कान."

"पण मीच तर तुम्हाला तो श्वास..." मामा बोलता बोलता अडकले. दाराशी भाची उभी होती. तिने तोंड उघडलं, पण मामांनी डोळ्यांनीच तिला हात जोडले. कापसाची गोष्ट निघण्यापेक्षा खोटारडा ठरलेलं बरं. खोटारड्याला निदान रुबाब असतो. तेलाचा कापूस घालून आलेल्याला काय असतं?

छापखानेवाले एकमताने अध्यक्ष झाले. त्यांना तसं कळवण्यात आलं. मामांना 'हितचिंतक सभासद' करण्यात आलं आणि कार्यक्रमाच्या दिवशी बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत जागा देण्यात आली. दुकान मामांचं, खुर्च्या मामांच्या, शटरची किल्ली मामांची; तरी "शिट्टी वाजते?" असं छापखानेवाल्यांनी विचारलं तेव्हा कानावर हात ठेवायचा मामांना अधिकार उरला नव्हता. त्यांनी हात कुठे ठेवावा ते न कळून खिशात घातला.

कार्यक्रमाला मामा जाणारच नव्हते. ताईने त्यांना ढकलून पाठवलं. "या वेळी कापूस नाही घालत, जा," ती म्हणाली. भाची सोबत आली. सभागृह मोठं होतं, गुबगुबीत खुर्च्यांचं, आणि शेवटच्या रांगेतून स्टेज काड्यापेटीएवढं दिसत होतं. खाली पहिल्या रांगेत मंडळ बसलं होतं. ज्यांच्याकडे कानाची मशीनं होती त्यांनी ती काढून खिशात ठेवली होती. मशीन लावून बुवांना ऐकणं म्हणजे भेसळ, असं डॉक्टरांचं मत पडलं होतं.

छापखानेवाले स्टेजवर चढले. माइक हातात आल्यावर त्यांनी "मी स्पीकरला पाठ टेकून..." अशी सुरुवात केली आणि मामांचं सगळं भाषण म्हणून दाखवलं. धूर, तार, आणि तो दीर्घ श्वाससुद्धा. वर मामांच्या दाढा एकमेकींवर घासल्या. छापखानेवाले थांबेनात. मागे ड्रमवाल्याने ठोका दिला. छापखानेवाले बोलतच होते. गिटार वाजली. ते बोलतच होते. शेवटी बुवा स्वतः पुढे आले, टक्कल पडलेले, पोट सुटलेले, आणि त्यांनी छापखानेवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो ठेवला कमी आणि लोटला जास्त. छापखानेवाल्यांचे डोळे भरून आले आणि ते पायऱ्यांवरून तरंगत खाली उतरले.

आणि मग गाणं सुरू झालं.

मामा पुढे वाकले. त्यांच्या कानांत काहीही नव्हतं, ना कापूस, ना शिट्टी. खरं म्हणजे त्यांचा पहिला लाइव्ह कार्यक्रम हाच. चाळीस वर्षं ज्याची गोष्ट सांगितली तो आवाज आता पहिल्यांदाच त्यांच्यापर्यंत सरळ, बिनअडथळा येत होता, आणि आपल्या दणकट कानांनी ते त्यातला कणन्‌कण टिपत होते.

बुवा बेसूर होते. थोडेथोडके नव्हेत. गाणं एका जिन्याने वर चाललं होतं आणि बुवा दुसऱ्याने खाली उतरत होते. दुसऱ्या कडव्याचे शब्द ते विसरले आणि तिथे त्यांनी पहिलंच कडवं पुन्हा घातलं. तिसऱ्या गाण्यात आवाज एकदम तरुण आणि खणखणीत झाला. मामा आनंदाने ताठ बसले, पण तेवढ्यात बुवांनी बाटली तोंडाला लावली आणि पाणी पीत असतानाही त्यांचा आवाज गातच राहिला.

"टेप," भाची पुटपुटली.

"श्श," मामा म्हणाले.

गाणं संपलं. बुवा ड्रमवाल्याकडे वळले. माइक बंद करायचा राहून गेला होता. "पुढच्या रांगेत हे दवाखान्याचं वेटिंग रूम कुणी आणून बसवलंय रे?" त्यांचा आवाज सभागृहभर घुमला. "तो जाडा पुन्हा वर आला तर मी चाललो."

मधल्या रांगांत खसखस पिकली. बाल्कनीत कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. फक्त पहिली रांग उभी राहिली. बुवा आपल्याकडे बघून काहीतरी बोलले एवढं त्यांना दिसलं होतं. छापखानेवाल्यांनी हृदयावर हात ठेवला. बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि बुवांनी गोंधळून त्यांना नमस्कार केला.

मामा खुर्चीत मागे रेलले. घरी जाईपर्यंत ते गालातल्या गालात हसत होते. भाचीला त्या हसण्याची जरा भीतीच वाटली.

"सांगणार आहेस?" तिने विचारलं.

"शब्दन्‌शब्द," मामा म्हणाले. "कानांचा काय उपयोग असतो ते कळू दे त्यांना."

रविवारी शटर अर्धं खाली आलं. मामा काळा शर्ट घालून आले होते. त्यांनी आपलं भाषण आरशासमोर पाठ केलं होतं. पाण्याची बाटली, चुकलेलं कडवं, वेटिंग रूम, सगळं क्रमवार. भाची दाराशी टेकून उभी होती. हे तिला चुकवायचं नव्हतं.

आधी बाकीचे बोलले. "आवाज तसाच! एक कणही बदललेला नाही!" बाई म्हणाल्या. "उलट आता जास्त खोल झालाय," डॉक्टर म्हणाले. "आणि दुसऱ्या गाण्याआधीचा तो श्वास! ऐकलात ना?" सगळ्यांनी ऐकला होता. "मधे आपल्याशी जे बोलले ते तर..." बाईंना पुढे बोलवेना. "'तुम्ही आहात म्हणून मी आहे,' असंच काहीसं म्हणाले ना?" छापखानेवाले खुर्चीत डुलत होते. बुवांनी हात ठेवलेला खांदा त्यांनी अजून धुतला नव्हता, आणि हे ते सगळ्यांना सांगत होते.

मग डॉक्टर मामांकडे वळले. स्वरात दया होती. "हितचिंतक, तुम्हाला कसा वाटला? तिथून मागून?"

मामा उभे राहिले. सगळे चेहरे त्यांच्याकडे लागले. बाईंचा रुमाल अजून ओलाच होता. मामांनी घसा साफ केला. वाक्य जिभेच्या टोकावर होतं. आणि त्याच वेळी त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्य उच्चारलं की या खोलीत खरं ऐकणारा एकटा माणूस उरेल, आणि त्याच्याशी बोलायला कुणीच येणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो एकटा काचा नसलेल्या फ्रेमांसमोर बसलेला असेल, शटर पूर्ण उघडं टाकून.

"मला," मामा म्हणाले, "काहीच ऐकू आलं नाही."

"काहीच?"

"पहिल्याच गाण्यात काहीतरी झालं. डावीकडे एकदम... आणि मग नुसती एक बारीक..." त्यांनी सावकाश, फार सावकाश, तळहात डाव्या कानाकडे नेला.

बाई किंचाळल्या. डॉक्टरांनी खुर्ची मागे ढकलली. "शेवटच्या रांगेत! शेवटच्या रांगेत असून!"

"काय झालं? काय झालं?" छापखानेवाले विचारत होते. डॉक्टरांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. छापखानेवाले हेलकावे खात उठले आणि त्यांनी मामांना असं कवटाळलं की मामांच्या बरगड्या वाजल्या. त्यांनी स्वतःची खुर्ची ओढून मामांपुढे ठेवली. "आम्ही स्पीकरजवळ होतो म्हणून गेले आमचे कान," त्यांनी दुकान हादरवत जाहीर केलं. "यांचा गेला तो निव्वळ भक्तीने! बसा, अध्यक्ष!"

मामा बसले. "शिट्टी वाजते?" त्यांनी विचारलं.

"वाजते!"

मग कुणीतरी मामांनाच तो गोदामातला कार्यक्रम सांगायचा आग्रह केला, आणि मामांनी सुरुवात केली. दाराशी उभी असलेली भाची मामांकडे एकटक बघत होती. तिचा चेहरा तपासणीच्या दिवशी काचेपलीकडे होता तसाच झाला होता. तिने पेटीत वापरला होता त्याच आवाजात, पानाच्या सळसळीएवढ्या, ओठही नीट न हलवता म्हटलं, "मामा, तुझं दुसरं बटण उघडं आहे."

बटण उघडं होतं. आतला बनियन दिसत होता.

मामांचा हात जरासा उचलला गेला, पण कानाकडे वळला आणि तिथेच थांबला. "तर दुसऱ्या गाण्याआधी बुवांनी एक दीर्घ श्वास घेतला," ते म्हणाले, आणि सभा संपेपर्यंत शर्ट तसाच उघडा ठेवून बसले.